आधीच्या मालकांसहित पिकअप: नवशिक्यांसाठी सोपे धडे

अभिनंदन! तुम्ही जुनी पिकअप घेतली आहे, किंवा घरी न विचारता टोकन देऊन आला आहात. या दोन्हींत आता फारसा फरक उरलेला नाही.

जळगाव-धुळे पट्ट्यात पिकअप ही घरातल्या कर्त्या माणसासारखी असते. रावेर-यावलची केळी, पारोळा-अमळनेरचा कापूस, जळगावचे पाइप आणि चटया, दुधाचे कॅन, मंडपाचे बांबू, कुणाचा तरी फ्रिज आणि त्या फ्रिजला धरून बसलेला मेहुणा, सगळं तिच्याच पाठीवर. अशा कर्त्या माणसाला दहा-पंधरा वर्षांत जी दुखणी, सवयी आणि व्यसनं लागतात, त्यांच्यासकट ती तुमच्या दारात उभी राहते.

माझी पिकअप कोणत्या कंपनीची, हे सांगत नाही. कंपनीची बदनामी नको म्हणून नव्हे. तिच्यात कंपनीचं आता फारसं काही राहिलेलंच नाही म्हणून. पहिला मालक यावलकडचा केळीवाला, दुसरा पारोळ्याचा मंडप-डीजेवाला, तिसरा धुळ्याजवळचा दूधवाला. चौथा मी, ठिबकच्या सामानाचा किरकोळ दुकानदार. आरसी बुकावर नाव माझं आहे, पण गाडी अजून त्या तिघांचंच ऐकते.

धडा १: गाडी बघायला जाणे

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन या. तिथे जाणता माणूस घोड्याचा रंग सगळ्यात शेवटी बघतो. आधी दात, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. पिकअपचंही तेच. ताजा रंग, नवी सीट कव्हरं आणि आरशाला लटकवलेली टवटवीत लिंबू-मिरची दिसली, तर समजा की घोड्याला आजच आंघोळ घातलेली आहे.

पोचल्यावर नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन सकाळी कसं उठतं, हे तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. चहा घ्या, तासभर शेतीपाण्याच्या गप्पा मारा आणि मग सेल्फ मारायला सांगा.

धूर बघा. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर सकाळी मिनिटभर चालतो. जातच नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. आतून धाप लागल्यासारखी वाफ फुकफुक बाहेर येत असेल, तर मिस्त्री लोक त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात. अशा वेळी किंमत कमी करून मागा, नाहीतर शेवभाजी खाऊन घरी या.

मी यातलं काहीही केलं नाही. मला तिचा निळा रंग आवडला होता.

धडा २: कागद

हा धडा रटाळ आहे म्हणून थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, मालकी बदलाचा अर्ज ३० दिवसांत करा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी हातात घ्या, पैसे नंतर द्या. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवस असतात. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. म्हणजे तुम्हाला दरवर्षीच. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला छाप आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. माझ्या गाडीचा नंबर शोधायला दोन तास गेले. त्यावर तीन थर होते: खाली वंगण, मध्ये केळीचा वाळून काळा पडलेला चीक आणि वर डीजेवाल्याने मारलेला चंदेरी रंग. पुराणवस्तू खात्याचे लोक उत्खननात जे करतात, ते मी रॉकेल आणि जुन्या बनियनने केलं.

धडा ३: मोजदाद

आता एका रविवारी गाडीभोवती फिरा आणि कंपनीने न दिलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा. माझी यादी १७ वर थांबली. केबिनवर कॅरियर. पुढे लोखंडी गार्ड. मागे स्प्रिंगचे दोन जादा पाटे. वीतभर उंच केलेला फाळका. प्रेशर हॉर्न. हौद्याच्या कडेने निळी लाइट-पट्टी. ड्रायव्हरच्या सीटच्या जागी ट्रॅक्टरची सीट. डाव्या दाराला आतल्या मुठीऐवजी सुतळी. डॅशबोर्डखाली चार बटनं, त्यातलं चौथं कशाचं हे कुणालाच माहीत नाही. आणि गिअरच्या दांड्याला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी, जिचं दुसरं टोक सीटखालच्या हुकात अडकवलेलं.

यादी झाली की मोटार वाहन कायदा आठवा. १९८८ च्या या कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२अ तर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने २०१७ मध्ये वेगळा हुकूम काढला, कारण गार्ड तुमचा बंपर वाचवतो आणि समोरच्या पायी माणसाचे पाय मोडतो. मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्राने २०१५ मध्येच बंदी घातली.

हिशेब सोपा आहे. १७ गुणिले ५,००० म्हणजे ८५,००० रुपये. गाडी मी ९५,००० ला घेतली होती. याचा अर्थ मूळ गाडीची किंमत १०,००० आणि बाकीचा सगळा गुन्हा. ट्यूबची पट्टी आणि सुतळी बदलात धरायची की नाही, यावर मी अजून स्वतःशीच वाद घालतो आहे.

धडा ४: काढण्याची घाई

नव्या मालकाला पहिला उत्साह येतो तो काढून टाकण्याचा. मलाही आला. गार्ड काढला, कॅरियर उतरवलं, प्रेशर हॉर्न काढला. हे सगळं योग्यच झालं. त्याच झपाट्यात ट्यूबची पट्टीही कापली. दूधवाला त्यावर फडकं वाळत घालत असेल, असं मला वाटलं.

त्याच रात्री धुळ्याहून नळ्यांची बंडलं भरून निघालो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पाळधीच्या अलीकडे पुढे ट्रॅक्टर दिसला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर खट्ट आवाज झाला आणि गाडी न्यूट्रल. पुन्हा टॉप टाकला. पाय उचलला, खट्ट. तिसऱ्यांदा दांडा डाव्या हाताने दाबून धरला आणि स्टिअरिंग उजव्या हाताने. असा जळगावच्या अजिंठा चौफुलीपर्यंत आलो. डावा खांदा तीन दिवस वर उचलत नव्हता.

टॉप गिअरचे दात झिजले की ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटतो. दूधवाल्याला गिअरबॉक्स उतरवायला ना वेळ होता ना पैसे, कारण दूध पहाटे चारला पोचवावं लागतं. त्याने १० रुपयांच्या ट्यूबने गिअरचा हात धरून ठेवला होता. मी ती मदत कापून टाकली.

ट्यूब बरोबर होती असं मी म्हणत नाही. कन्नडच्या औट्रम घाटात, चाळीसगावकडे उतरताना गिअर निसटला असता, तर इंजिनचा ब्रेक गेला असता आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर पडला असता. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. पण गिअर टिकला तर ना. त्यामुळे नंतर गिअरबॉक्स उघडलाच. फक्त क्रम चुकला. आधी प्रश्न शोधायचा, मग आधीच्या माणसाचं उत्तर काढून टाकायचं. जुगाड म्हणजे एखाद्या रात्री कुणीतरी रस्त्यावर बसून दिलेलं उत्तर असतं. उत्तर वाईट असू शकतं. प्रश्न मात्र खरा होता.

धडा ५: वायरिंग

डॅशबोर्ड उघडा. मग तो बंद करा. पाणी प्या. पुन्हा उघडा.

कंपनीच्या वायरींना रंगांचा काही अर्थ असतो. डीजेवाल्याकडे त्या दिवशी जी वायर होती तिचा रंग लाल होता, म्हणून माझ्या गाडीत सगळंच लाल आहे. सांधे चिकटपट्टीने बांधलेले. उन्हाळ्यात ती पट्टी वितळून चिकट होते आणि पावसाळ्यात सुटते.

पहिलं काम फ्यूज बघणे. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद दिसला, तर तो लगेच काढा. इथे वरच्या धड्याची सबुरी लागू नाही. फ्यूजचं काम जळण्याचं असतं. तो जळाला नाही की वायर जळते आणि मागोमाग गाडी.

दुसरं, हेडलाइट. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे. आमच्या डीजेवाल्याने १००/९० चे टाकले. १२ व्होल्टवर १०० वॅटचे दोन बल्ब म्हणजे जवळपास १७ अँपिअर करंट, जुन्या बारीक वायरीतून आणि जुन्या बटनातून. बटन गरम होतं, प्लास्टिक वितळतं आणि उजेडही पडत नाही, कारण बरीच ताकद वायरीतच जिरते. मूळ बल्ब आणि मध्ये एक रिले एवढ्यात काम भागतं. रिले म्हणजे साहेबाचा शिपाई. साहेबाने नुसती मान हलवायची. ओझं शिपाई उचलतो.

तिसरं, अर्थिंग. माझ्या गाडीत ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटायचा. मला वाटलं भूत आहे. धुळ्याच्या पारोळा रोडवरच्या मिस्त्रीने मागच्या दिव्याखालचा एक गंजका नट दाखवला आणि म्हणाला, “हाई शे तुनं भूत.” दिव्यातून गेलेल्या करंटला बॉडीमार्गे बॅटरीकडे परत जायचं असतं. नेहमीचा दरवाजा गंजला, की तो शेजाऱ्याच्या अंगणातून जातो, आणि जाता जाता शेजाऱ्याचा दिवा पेटतो. नट काढला, रंग खरवडला, नवा बोल्ट आवळला. खर्च पाच रुपये, आणि तो मिस्त्रीने घेतला नाही. भूत काढायचे पैसे घ्यायचे नसतात म्हणाला.

धडा ६: पाटे

केळीवाल्याने मागे दोन पाटे वाढवले. त्याचा प्रश्न समजण्यासारखा आहे. मळ्यातून घड भरून निघायचं, खाली पानं अंथरायची, वर पानं झाकायची आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर पोचेपर्यंत हौदा खाली बसता कामा नये. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती ज्यांच्यावर लादून गेली, त्या पाट्यांना अजून काही मिळालेलं नाही.

पाटे वाढले की गाडी वर उचलली जाते, मालक खूश होतो आणि जादा माल भरतो. पण धुरा तोच, टायर तेच आणि ब्रेकही तेच. त्यात एक छुपी गोम आहे. काही पिकअपना मागच्या धुऱ्याजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून तो मागे माल किती आहे ते ओळखतो आणि मागच्या ब्रेकला त्या प्रमाणात दाब सोडतो. जाड पाट्यांमुळे हौदा खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे दीड टन केळी असताना तुमची गाडी रिकाम्या गाडीच्या हिशेबाने ब्रेक लावते.

रिकामी असली की हीच गाडी बेडकासारखी उडते. महामार्गाच्या एका जोडावर माझं डोकं छताला लागलं आणि छतातून केळीचं एक वाळलेलं पान खाली पडलं. पहिल्या मालकाचा आशीर्वाद समजून ते डॅशबोर्डवर ठेवलं. जादा पाटे मात्र काढले.

धडा ७: पाणी

मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांच्या पुढे जातं. माणूस टोपी घालतो, उपरणं गुंडाळतो, कैरीचं पन्हं पितो. पिकअपला तुम्ही बोअरचं खारं पाणी पाजता. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, तसाच जसा तो तुमच्या गीझरच्या कॉइलवर बसतो. नळ्या बुजल्या की पाणी फिरत नाही आणि काटा वर चढतो.

त्यावर आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच काढून फेकला होता. इंजिन थंड असताना पाण्याला अडवून ते लवकर गरम करणं हे त्या व्हॉल्व्हचं काम. तो नसला की पाणी कायम फिरत राहतं. उन्हाळ्यात मालकाला वाटतं रोग बरा झाला. डिसेंबरच्या पहाटे मात्र इंजिन बराच वेळ थंडच राहतं, डिझेल जास्त खातं आणि झिजतं. बुजलेला रेडिएटर तसाच राहतो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार.

मिस्त्रीने रेडिएटरची खालची तोटी उघडली, तेव्हा आतून पिवळंजर्द पाणी आलं. वासही ओळखीचा. गळती बंद व्हावी म्हणून कुणीतरी आत हळद टाकली होती, आणि एकदाच नव्हे. हळदीचा गाळ भेगेत बसतो, गळती काही काळ थांबते, मग तोच गाळ बाकीच्या नळ्यांतही बसतो. मिस्त्री बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, “भाऊ, गाडीले हयद लागेल शे. आते लगीन लावनंच पडी.” लग्नाचा खर्च: रेडिएटर खोलून साफ करणे, नवा थर्मोस्टॅट, कूलंट. आहेर म्हणून दोन होजपाइप.

गरम इंजिनचं रेडिएटर झाकण कधीही उघडू नका. हे वाक्य विनोदाचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सुटताच ते तोंडावर येतं.

धडा ८: मिस्त्री

गाडी चार माणसांना कळते: तीन जुन्या मालकांना आणि तुमच्या मिस्त्रीला. तिघे फोन उचलत नाहीत. म्हणून मिस्त्री जपा. त्याला “किती वेळ लागेल?” विचारू नका, तो “झालंच” म्हणेल, आणि ‘झालंच’ हे अर्ध्या तासापासून आखाजीपर्यंत काहीही असू शकतं. गॅरेजवरच्या टायरवर बसा. बघा. पाना मागितला की द्या, पण १२-१३ मागितल्यावर १०-११ देऊ नका. तुमची सगळी पत तिथेच जाते.

नेहमीचे प्रश्न

प्रश्न: गाडी धक्क्यावर चालू होते. उतारावर उभी करू का?
उत्तर: कल्पना उत्तम आहे, पण तापीच्या काठावर उतार आणायचा कुठून? सपाट काळी माती आहे आपली. रेल्वेचा उड्डाणपूल हा एकमेव मार्ग, आणि तिथे गाडी लावायला मनाई आहे. बॅटरी बदला.

प्रश्न: मामा म्हणतात वऱ्हाड हौद्यातच नेऊ.
उत्तर: मालाच्या गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे आणि जीवघेणंही. मामांना एसटीचं वेळापत्रक द्या.

प्रश्न: गाडी कधी पूर्ण दुरुस्त होईल?
उत्तर: पुढचा प्रश्न.

शेवटचा धडा: वही

डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा. चार रकाने आखा: काय, कुठे, कोणी, का. प्रत्येक वायर, प्रत्येक वेल्डिंग, प्रत्येक सुतळी त्यात लिहा. पुढचा मालक तुम्हाला दुवा देईल, आणि सहा महिन्यांनी स्वतःचंच काम विसरलेले तुम्हीही द्याल.

माझ्या वहीतल्या काही नोंदी नमुन्यासाठी:

ट्रॅक्टरची सीट. केबिनमध्ये. केळीवाला. मूळ सीट उंदरांनी खाल्ली (चौकशी करून).

सुतळी. डावं दार, आतून. दूधवाला. मूठ तुटली, नवी मिळाली नाही.

निळी लाइट-पट्टी. हौदा. डीजेवाला. कारण विचारायची गरज नाही.

चौथं बटन. डॅशबोर्डखाली. माहीत नाही. माहीत नाही. काढू नये.

आणि शेवटची नोंद. पाऊस आला, उजव्या दाराची काच आपोआप खाली घसरायला लागली. माल भिजत होता, दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. रस्त्याकडेच्या बाभळीची काडी तासून काचेच्या फटीत ठोकली. काच थांबली. उद्या नीट करू म्हटलं. त्याला पाच आठवडे झाले.

पाचर, बाभळीची. उजवी काच. मी. घाईत होतो.